ओट्याखालचा भाऊ

आमच्या नातेवाइकांत 'ये रे जेवायला' याचा अर्थ जेवायला ये असा होत नाही. त्याचा अर्थ असा, की काहीतरी गळतंय, तुंबलंय, अडकलंय किंवा निखळलंय. मी नळाची कामं करतो. पंचवीस वर्षं करतोय. माझं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. घरात मला पाना म्हणतात. हे नाव पाडलं भावजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. धाकटा भाऊ मला दादा म्हणायचा. एकदा हे नाव ऐकलं आणि तोही पाना म्हणायला लागला. मोठ्या भावाला कुणी हत्याराच्या नावाने हाक मारतं का? पण सगळे हसले. सगळे हसले की आपणही दात काढायचे असतात, म्हणून मीही काढले.

बरं, नुसते नळ असते तर समजून घेतलं असतं. पण 'आलाच आहेस तर' नावाचा एक रोग आहे. आलाच आहेस तर हा पंखा बघ. आलाच आहेस तर कपाटाचं दार बसव. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पंख्याचं मला काय कळतं? मी नळवाला माणूस. तरी चढतो शिडीवर, कारण खाली उभ्या असलेल्या चार जणांना खात्री असते की ज्याच्या पिशवीत पकड आहे त्याला सगळं येतं.

त्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी मोजे घालत होतो.

"आज सगळे जमतोय. अकरापर्यंत ये," ती म्हणाली. आणि मग थांबून, "अरे, आणि सिंकखाली परत गळायला लागलंय."

"परत?"

"उंदीर असेल."

मी फोन ठेवला आणि मोजा भिंतीवर फेकून मारला. मोजा कसला लागतोय भिंतीला. बायको तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"चल तू पण," मी म्हटलं.

"कशाला? तू तिकडे ओट्याखाली, आणि मी हॉलमध्ये बसून तुझ्या पायांकडे बघू? मागच्या खेपेला तेच केलं. दोन तास तुझे तळवे बघितले मी."

"मला फक्त काम असलं की बोलावतात. एकदा तरी नुसतं बोलवावं माणसाने. भाऊ म्हणून."

"नुसतं बोलावलं तर तू जातोस?" ती म्हणाली.

या बाईला नको तिथे प्रश्न विचारायची खोड आहे. मी पिशवी उचलली आणि निघालो. पण जिना उतरताना ठरवलं होतं: आज नळ दहा मिनिटांत उरकायचा आणि हॉलमध्ये जाऊन बसायचं. सगळ्यांबरोबर. शेवटपर्यंत. कुणी 'आलाच आहेस तर' म्हटलं तर तोंडावर नाही म्हणायचं.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारातून आत गेलं की डाव्या हाताला तिचं शिलाई मशीन, त्याच्या शेजारी कापायचं टेबल. ती बायकांचे कपडे शिवते. घरात कुठेही अनवाणी चाललं तर टाचणी टोचायची शक्यता असते, त्यामुळे तिच्याकडे सगळे खाली बघत चालतात. समोर हॉल, उजवीकडे स्वयंपाकघर. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, पडदा आहे. तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचाच घोळ आहे.

फ्रिजवर एक छापील कागद चिकटवला होता. भावजी कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना मिळून-मिसळून काम कसं करायचं हे शिकवतात. त्यासाठी त्यांना पगार मिळतो. आपली माणसं भेटतात आणि नुसती टीव्हीपुढे पेंगून घरी जातात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं म्हणे. म्हणून हा कागद. 'अकरा: आगमन व स्वागत. सव्वाअकरा: ओळखीचा खेळ. पावणेबारा: मनातलं. साडेबारा ते बारा चाळीस: उत्स्फूर्त गप्पा.'

मी तो कागद दोनदा वाचला. ओळखीचा खेळ! हॉलमध्ये मावशी बसली होती. या बाईने मला लहानपणी पायावर घालून अंघोळ घातलेली आहे. तिला माझी ओळख काय करून देणार? आणि उत्स्फूर्त गप्पा दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला कुणाला उत्स्फूर्तपणे काही सुचलं तर काय, गिळायचं?

"वाचलंस?" भावजी मागे येऊन उभे राहिले. हातात पातेलं. "फोन यात टाकायचे सगळ्यांनी. आज फोन नाही, टीव्ही नाही. फक्त आपण."

मी खिशातून फोन काढला.

"तुझा राहू दे रे. तुला काम येतं."

"रविवारी नाही घेत मी काम."

"मग हे काय आहे?" त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि हसत निघून गेले. माझा फोन माझ्या हातातच राहिला. इतकी लहान गोष्ट. पण पातेल्यात सगळ्यांचे फोन एकावर एक पडलेले होते आणि त्यांत माझा नव्हता, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

ताई ओट्यापाशी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा घे आधी."

"चहा नको. बादली कुठे आहे?"

"घे रे चहा. बस जरा तिकडे. काम काय, होईल नंतर."

"नंतर नाही. आत्ता संपवतो आणि मग बसतो."

तिने चहाखालचा गॅस बंद केला. मी शर्टाच्या बाह्या सरसावून ओट्याखाली शिरलो.

सिंकखाली प्लास्टिकची एक बाटली असते. पाणी तिच्यातून वळून जातं आणि गटाराचा वास वर येत नाही. तिच्या गळ्याशी एक रबरी चकती, वॉशर, बसवलेला असतो. गळती तिथेच होती. वर्षभरात ही पाचवी खेप. प्रत्येक वेळी तेच: वॉशरच्या कडा खाल्लेल्या. प्रत्येक वेळी ताई म्हणायची, उंदीर. मी उंदराचा पिंजरा आणून ठेवला. औषध ठेवलं. चिकट पुठ्ठा ठेवला, त्यावर भावजींचा मोजा चिकटला. उंदीर एकदाही सापडला नाही. मी आपला शिव्या घालत जुना वॉशर कचऱ्यात फेकायचो आणि नवा बसवायचो. पाचवी खेप, आणि मी एकदाही तो वॉशर उजेडात धरून बघितला नव्हता. पंचवीस वर्षांच्या कारागिराने हे सांगायला लाज वाटली पाहिजे. वाटते.

पडद्यापलीकडे खेळ सुरू झाला होता. भावजींनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या भरल्या होत्या. प्रत्येकाने एक उचलायची, त्यावरच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं.

"मावशी, तुमची चिठ्ठी," भावजींचा आवाज.

"वाच तूच. चष्मा आणला नाही मी."

"तुम्हाला आयुष्यात कोणती गोष्ट परत करायला आवडेल?"

"झोप," मावशी म्हणाली. "तुझ्या या कार्यक्रमापायी सकाळी सहाला उठले."

सगळे हसले. ओट्याखाली मीही हसलो. मग वाटलं, इथे हसलेलं कुणाला कळणार आहे? बाटलीची चकरी हाताने सैल केली. आतलं घाण पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. वॉशर निघाला. तो जमिनीवर ठेवला आणि नव्यासाठी पिशवीत हात घातला.

"आता पाना," भावजी म्हणाले.

मी थांबलो. खरं सांगतो, बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि शाळेत हजेरीत नाव यावं तसं झालं. 'आलो' म्हणायला तोंड उघडलं.

"त्याला कुठे उठवता, तो कामात आहे," धाकटा म्हणाला. "मी सांगतो त्याच्या वतीने. काय आहे चिठ्ठीत?"

"या घरातली तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती?"

"ओट्याखाली!" धाकटा ओरडला.

काय हसले सगळे! मावशीला ठसका लागला. भावजी टाळ्या वाजवत होते. मी तिथे उताणा पडलेलो, नाकासमोर बाटली, कोपरातून पाणी ठिबकतंय. मी प्रत्येकाचं हसू वेगळं ओळखत होतो. धाकट्याचं, मावशीचं, भावजींचं. ताईचं कुठे आहे ते ऐकत होतो. ते आलं नाही. ती इथेच होती, माझ्या पायांपाशी, हातात ओला फडका घेऊन. मला तिच्या फक्त टाचा दिसत होत्या.

भावजी पडदा सारून आत आले. खाली वाकले. "गंमत केली रे. मनावर घेऊ नकोस. ही घे तुझी चिठ्ठी, आठवण म्हणून." त्यांनी चिठ्ठी जमिनीवर ठेवली आणि गेले. त्यांना पावणेबाराला पुढचा खेळ होता.

चिठ्ठी जुन्या वॉशरच्या शेजारी पडली होती.

मी ती उचलायला गेलो ती फाडून टाकायला. हात तिथेच राहिला. चिठ्ठीच्या कडा सरळ नव्हत्या. करवतीसारखे बारीक दाते होते, सगळे एका मापाचे. शिंप्यांकडे झिगझॅग कात्री असते. कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून तिने कडा कापतात. ताई आपल्या चांगल्या कात्रीला कागद लावू देत नाही, धार जाते म्हणून. कागद, पुठ्ठा, पिशवी, सगळं ती जुन्या झिगझॅग कात्रीने कापते.

मी वॉशर उचलला. बॅटरी लावली. चिठ्ठीच्या कडेवर वॉशरची कड ठेवली.

दात्यात दाता बसला.

एवढी नक्षी काढणारा उंदीर मी जन्मात पाहिला नव्हता.

मी ओट्याखालून बाहेर आलो. येताना डोकं आपटलं. ताईने आई गं म्हटलं. मी तिच्यासमोर दोन्ही हात धरले. एका हातात वॉशर, दुसऱ्यात चिठ्ठी.

तिने दोन्हीकडे बघितलं. मग फडका ओट्यावर ठेवला.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"पाचही वेळा?"

"पाचही."

"आणि कपाटाचं दार?"

"ते दोनदा. स्क्रू काढून ठेवला होता. पंखा मात्र खरंच बिघडला होता, आईशप्पथ."

मला ओरडायचं होतं, पण पडद्यापलीकडे अख्खं घर. म्हणून दातओठ खाऊन पुटपुटत ओरडलो. "अगं डोकं फिरलंय का तुझं? माझे रविवार गेले या गटाराच्या पाण्यात! उंदराचं औषध लावलं मी तुझ्या घरात!"

"हळू."

"माणूस आहे का गडी आहे मी? नुसतं ये म्हणता येत नाही तुला? सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हटलं," ती म्हणाली. तीही आता पेटली होती. आम्हा दोघांना राग आला की कानाच्या पाळ्या लाल होतात. "पोरगी पास झाली तेव्हा नुसतं ये म्हटलं. काय म्हणालास? बघतो. माझा वाढदिवस, पन्नासावा, नुसतं ये म्हटलं. बघतो. हे आजारातून उठले तेव्हा म्हटलं, बसू रे सगळे एकत्र. त्यावरही तेच. तुझं ते बघतो मला पाठ झालंय. तू बघत राहतोस आणि इथे जेवण गार होतं. मग एकदा नळ खरंच गळला. फोन केला. अर्ध्या तासात दारात उभा! घामाघूम! मी काय समजायचं? भावाला बहिणीपेक्षा बाटली जवळची."

"कामं असतात मला."

"रविवारी नाही घेत काम. आत्ताच सांगितलंस ना यांना? मी ऐकलं."

मला नुसतं बोलावलं की मी जात नव्हतो, हे खरंच होतं. का जात नव्हतो? कारण गेलो तर बसून करायचं काय? धाकटा ऑफिसचं बोलतो, भावजी जगाचं बोलतात. माझ्याकडे बोलायला काय, तुंबलेले संडास? हातात पकड असली की मला कुणाकडे बघावं लागत नाही. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आत्ताही सांगितलं नाही. पण माझा राग तसाच होता. आपली चूक सापडली म्हणून समोरच्याची चूक पुसली जात नाही.

"तरी वॉशर कापायचा नव्हतास," मी म्हटलं.

"मग काय कापायला हवं होतं? नातं?"

"हे भावजींचं वाक्य आहे."

"हो," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मला नाही फुटलं.

मी खाली वाकलो. पिशवीतून नवा वॉशर काढला नाही. तोच कुरतडलेला वॉशर परत बसवला, चकरी फिरवली, खाली बादली सरकवली. पिशवीची चेन लावली.

"अरे, गळेल ना!"

"गळू दे."

आणि पडदा सारून हॉलमध्ये गेलो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "झालं का रे?"

"नाही झालं."

"मग?"

"मग काही नाही. बसायला आलोय."

सोफ्यावर जागा नव्हती. कुणी सरकेना, कारण मी बसेन असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. कोपर ओलं, शर्टाला काळा डाग. शेवटी मावशीने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मला टीचभर जागा झाली. भावजींनी घड्याळाकडे बघितलं. "आता खरं तर मनातलं आहे..."

"माझी पाळी राहिलीय," मी म्हटलं. चिठ्ठी काढली. ती भिजली होती. "या घरातली माझी आवडती जागा. मला माहीत नाही. हे घर मी ओट्याखालून बघितलंय, शिडीवरून बघितलंय, कपाटाच्या मागून बघितलंय. बसून कधी बघितलेलं नाही. आज बसतो. मग सांगतो. आणि माझ्या वतीने," मी धाकट्याकडे बघितलं, "कुणी बोलायचं नाही. मला तोंड आहे."

धाकटा नखं बघायला लागला. मी ठणकावून बोललो होतो, वाटलं होतं छाती हलकी होईल. कसलं काय. दहा मिनिटांत मला कंटाळा आला. हात मांडीवर ठेवावे की बाजूला, कळेना. समोर खिडकीची कडी वाकडी होती. एक स्क्रू, फक्त एक, अर्धा वळसा. माझी बोटं शिवशिवायला लागली.

"बघू नकोस तिकडे," ताई पडद्यापासून म्हणाली.

"नाही बघत."

"बघतोयस. ती मी नाही वाकवलेली, उगाच माझ्यावर नको."

हे आम्हा दोघांनाच कळलं. मावशीने विचारलं, "काय रे, काय म्हणते ती?" मी म्हटलं, "काही नाही, उंदीर झालाय तिच्याकडे. मोठा. शिकलेला." ताईने तोंडावर पदर धरला.

भावजींना वाटलं वातावरण जड झालंय, आपण काहीतरी करायला हवं. ते सगळ्यांचे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेले. "आज मी विसळतो!" नळ सोडल्याचा आवाज आला. ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे. बादली लहान होती. मी मुद्दाम लहान घेतली होती असं नाही, पण लहान होती.

"अरे! अरे अरे! पाणी! पायावर पाणी आलं!" आतून आरडाओरडा. मग काहीतरी घसरल्याचा आणि कप आपटल्याचा आवाज. धाकटा धावला, तो पडद्यात अडकला आणि पडदा दांडीसकट खाली आला. आता समोर सगळं उघडं. भावजी गुडघ्यापर्यंत ओले, एका हातात कप, दुसऱ्यात कान तुटलेला कप. त्यांचं वेळापत्रक फ्रिजवरून ओघळून पाण्यात पडलेलं.

"दादा, ऊठ ना!" धाकटा ओरडला. "पाणी हॉलमध्ये येईल!"

दादा! गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरज लागली आणि वैद्य जिवंत झाला.

"मी बसलोय," मी म्हटलं. "नळ बंद करा आधी. डावीकडे नाही. उजवीकडे. भावजी, उजवीकडे म्हणजे तुमच्या जेवायच्या हाताकडे."

मावशी हसायला लागली. ती हसली की तिचं अख्खं अंग हलतं, आणि सोफ्यावर मी तिला चिकटून होतो, त्यामुळे मीही हललो. हललो आणि मलाही हसू आलं. ते दोघं शिकलेले पुरुष एका बादलीला दोन बाजूंनी धरून दोन दिशांना ओढत होते. ताई मशीनवर डोकं टेकून हसत होती. मी उठलो नाही. उठायला अंग आसुसलं होतं, पण मावशीने माझं मनगट धरलं होतं. "बस रे," ती म्हणत होती, "बस. करू देत त्यांना."

बारा चाळीस केव्हाच होऊन गेले होते.

जेवून निघताना भावजी पँट दुमडून दारात उभे होते. "अरे, तेवढं नीट करून जा ना."

"पुढच्या खेपेला."

"तोपर्यंत?"

"बादली भरली की ओतायची. दर दोन तासांनी. वेळापत्रकात घाला."

ताई जिन्यापर्यंत आली. तिच्यावरचा माझा राग गेला नव्हता. घरी गेल्यावरही गेला नाही. बायकोला सांगितलं तर ती पुन्हा तोच प्रश्न डोळ्यांनी विचारून आत निघून गेली.

गुरुवारी ताईचा फोन आला. मी एका इमारतीच्या गच्चीवर टाकीत अर्धा वाकलेलो होतो.

"रविवारी ये," ती म्हणाली.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. बाटलीत नवा वॉशर यांनीच बसवला. चार दुकानं फिरले. थोडा गळतो, पण बसवला."

म्हणजे जायला कारणच उरलं नव्हतं. मी टाकीतल्या पाण्याकडे बघितलं. 'बघतो' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता, रोजच्या जागी, पाय पसरून. पलीकडे ताई मोजत असावी, मला किती वेळ लागतो ते.

"किती वाजता?" मी म्हटलं.

"अकरा. आणि ऐक, पिशवी आणलीस तर दारातूनच परत पाठवेन."

"आणि मी काय करायचं तिथे?"

"मला काय विचारतोस?" ती खेकसली. "माझंच डोकं किती चालवायचं? पाच वॉशर कापलेत मी!"

आणि तिने फोन आपटला.